जेसीच्या चालीची परीक्षा

सन १९७१ च्या मार्च महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, दुपारी दोन वाजता, स्कॉटलंडमधील स्पे नदीकाठच्या डालब्रे गावातील सभागृहात माझी परीक्षा झाली. मित्रांनो, मी एक जुना चेलो आहे. व्हायोलिनच्याच कुळातला, पण अंगाने थोराड, आवाजाने जाड आणि गुडघ्यांत धरून वाजवला जाणारा.

दीडशे वर्षांपूर्वी एका सुताराने मला घडवले. त्या काळी नाचाला व्हायोलिन आणि चेलो अशी जोडीच लागे. व्हायोलिनने चाल गावी आणि मी तिच्याखाली पावलांसाठी जमीन अंथरावी, अशी आमची वाटणी होती. धान्याच्या कोठारांत माझ्या ठोक्यावर लग्नाची वऱ्हाडे नाचली. पुढे अकॉर्डियन आले. त्या एकट्याचा आवाज आम्हा दोघांपेक्षा मोठा. मी जिन्याखाली गेलो. माझ्या मानेवर ओले कोट टांगले जाऊ लागले आणि पाठीला चीर पडली. चेलो वाजवणाऱ्या इश्बेलने मला बाहेर काढले, चीर सांधून घेतली, नव्या तारा चढवल्या. तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

इश्बेलच्या दिवंगत आईने, जेसीने, एक कविता रचली होती आणि तिला नाचाची एक चालही बांधली होती. ती चाल कोठेही छापलेली नव्हती. जेसीचे भाऊ आर्चीमामा यांच्या स्मरणात तेवढी ती उरली होती. इश्बेलला त्या चालीवरून चार वाद्यांची रचना करायची होती. मामांनी चाल उतरवून दिली, पण अट घातली: वादन ऐकून पटले नाही, तर कागद परत घेईन, आणि मग ती चाल कोणी वाजवायची नाही. मामांचे वय ब्याऐंशी होते. कागद गेला असता तर चालही गेली असती.

त्या संध्याकाळच्या मैफलीसाठी एडिंबरोहून तीन वादक आले. त्यांचे वादन निर्दोष होते, हे मी पक्षपात न करता सांगतो. चूक निराळीच होती. या नाचात आखूड सूर आधी येतो आणि लांब सूर मागून; त्या झटक्यावरच पाऊल उचलले जाते. पहिले व्हायोलिन वाजवणाऱ्या कॉलिनला तो झटका खेडवळ वाटला, म्हणून त्याने तो घासून गुळगुळीत केला. बाकीच्यांनी त्याचे अनुकरण केले, मीही केले.

मामांनी शेवटपर्यंत ऐकले. "फार गोड वाजवलंत. लोक डोळे मिटून ऐकतील. आमच्याकडे डोळे मिटून कुणी नाचत नाही."

ही मैफल बसून ऐकणाऱ्यांसाठी आहे, असे कॉलिनने नम्रपणे सांगितले.

"मग जेसीला कशाला उठवलंत? झोपू द्यायचं होतं तिला," असे म्हणून मामांनी कागदासाठी हात पुढे केला.

इश्बेलने कागद दिला नाही. तिने थोडा अवधी मागितला, चहा मांडणाऱ्या बायकांना आणि खुर्च्या लावणाऱ्या पुरुषांना हाक मारून चार जोड्या उभ्या केल्या आणि वादकांच्या खुर्च्या त्यांच्या पावलांकडे वळवल्या. वादन पूर्वीसारखेच गुळगुळीत सुरू झाले, आणि पहिल्याच ओळीत आठही जणांचे पाय अधांतरी राहिले.

"एका पायावर उभी राहून म्हातारी झाले की रे मी," नाचणाऱ्यांतल्या मिसेस फ्लेट कॉलिनला म्हणाल्या. "खाली कधी उतरवतोस?"

सगळे हसले, कॉलिनही हसला. मग त्याने कागदावरची नजर काढून त्यांच्या बुटांवर ठेवली. इश्बेलने माझ्या जाड तारेवर गज आखूड ओढला आणि माझ्या लाकडाला जुनी ओळख पटली. झटका परतला. पावले पडली, वळली, पुन्हा पडली. आणि मधल्या संथ भागात, जिथे जेसीची कविता वाद्ये शब्दांवाचून गातात, तिथे नाचणारे हात धरून स्तब्ध उभे राहिले. चार वाद्यांनी इतके सुंदर काही निर्माण केल्याचे मी पूर्वी ऐकले नव्हते.

मित्रांनो, जुन्या वाद्याला ओल लागू देऊ नका, त्याच्यावर कोट टांगू नका. पण केवळ पुसून कपाटात ठेवणे म्हणजेही जपणूक नव्हे. आम्हांला वाजवा, आणि वाजवताना आम्ही कोणासाठी घडलो ते डोळ्यांपुढे असू द्या.

वादन संपले तेव्हा इश्बेल माझी मान घट्ट धरून बसली होती. मामा म्हणाले, "शेवटी जरा घाई करता. पण चाल जेसीचीच आहे. कागद ठेव."