पायरीजवळची फट

एम्लिनने मेणबत्तीचा तुकडा पडवीच्या कापडाच्या कडेतल्या जाड दोरीवर घासला आणि दोरीचं टोक कॅरव्हॅनच्या, म्हणजे त्याच्या चाकांवरच्या घराच्या, खाचेत सारलं. मग पुढे जाऊन ओढलं. हातभर कापड सरकलं आणि अडलं. तो पुन्हा मागे आला, सुरकुती काढली, परत पुढे गेला.

हे दोघांचं काम. एकाने खालून कापड पुरवायचं, दुसऱ्याने ओढायचं. एकतीस वर्षं त्याची बायको नेस्टा पुरवत आली आणि तो ओढत आला. नेस्टा नोव्हेंबरात गेली. आता एप्रिल होता, कॅरव्हॅनांचा तळ हिवाळ्यानंतर कालच उघडला होता आणि समुद्रावरून वारा सुटला होता.

शेजारच्या जागेवरून ह्यूने हाक मारली. तो आणि त्याची बायको तळावर नवे होते, त्यांचा पहिलाच मोसम.

"मिस्टर प्रिचर्ड, हात लावू का?"

"तुझं तुझं उभं राहिलंय का आधी?"

"राहिलंय तसं. फक्त घराऐवजी गाढवासारखं दिसतंय."

"मग गाढवाकडे बघ जा."

ह्यू हसला आणि गेला. मदत घ्यायला हरकत नव्हती, पण सकाळीच मुलीचा, एलेरीचा, फोन आला होता. "बाबा, तुमची छाती आधीच धरलेली आहे. रात्रभर गार वारा शिरला तर तुम्ही आजारी पडणार. एकट्याला जमत नसेल तर घरी या, आपण ती गाडी विकून टाकू." त्यावर तो म्हणाला होता, "वारा? माझ्या पडवीत?"

तळावर सगळ्यांना ठाऊक होतं की कॅरव्हॅनला कापडी पडवी लावावी तर एम्लिनने. कुणाची फडफडली की लोक त्याला बोलावत.

कापड चढायला दीड तास लागला. पुढचं त्याला पाठ होतं. खुंट्या मारण्याआधी दारांच्या चेनी लावून घ्यायच्या, नाहीतर मागाहून त्या लागत नाहीत. मागचे दांडे कॅरव्हॅनच्या अंगाशी दाबून बसवायचे, मध्ये फोमची उशी घालायची. गाडीच्या पोटाखाली वारा अडवायची झालर, चाकावर झाकण. शेवटी मोगरीने खुंट्या, तिरप्या. घाम आला, खोकला आला. तो मधे दोनदा पेटीवर बसला.

सगळं झाल्यावर त्याने नेहमीसारखं पाण्याचं पिंप ढकलत नळावर नेलं आणि भरून आणलं. पडवी लावून झाली की पाण्याला जायचं, ही त्याची रीत. परत आला की तो पातळ कागदाची पट्टी जमिनीशी धरून दाखवायचा. "बघ, हलतोय का?" नेस्टा म्हणायची, "नाही हो. यंदा झकास बसलंय."

आज त्याने खुर्ची कॅरव्हॅनच्या दाराच्या पायरीजवळ मांडली. ती नेस्टाची जागा. तो स्वतः कायम समोरच्या खिडकीशी बसायचा, समुद्राकडे तोंड करून. पण शेगडी पायरीशी होती आणि आता चहा त्यालाच करायचा होता.

किटली ठेवून तो टेकला, तर घोट्याला गार लागलं.

त्याने पाय हलवला. तिथेही गार. कागदाची पट्टी काढून जमिनीशी धरली. ती आडवी झाली, आणि तशीच राहिली.

तो गुडघ्यांवर आला. पायरीच्या मागे, जिथे गाडीखालची झालर आणि चाकाचं झाकण एकमेकांना भेटतात, तिथे मुठीएवढी फट होती. त्याने झालर ओढून पाहिली, खुंटी सरकवली. फट इकडून तिकडे झाली, मिटली नाही. बांधणीच तशी होती. म्हणजे दरवर्षी तशीच होती.

पहिली चार-पाच वर्षं नेस्टा म्हणायची, "एम्लिन, इथे पायाला वारा लागतो हो." आणि तो खिडकीशी बसून म्हणायचा, "तुझ्या डोक्यात लागतो. मला तर नाही लागत." मग तिने म्हणणं सोडलं. त्याला वाटलं, आपला हात बसला.

खुंट्यांच्या पिशवीच्या तळाशी कुत्र्याची उशी होती. जुन्या पडद्याच्या कापडाची, चिंध्या भरलेली, हातभर लांब आणि मधे वाकलेली. कुत्रा जाऊन नऊ वर्षं झाली होती. ही अजून का बाळगतेस, असं त्याने एकदा विचारलं होतं. "असू दे," एवढंच ती म्हणाली होती.

त्याने उशी उलटी केली. एका बाजूला गवताचे हिरवे डाग होते. एका कडेची शिवण नव्या दोऱ्याची होती.

त्याने ती फटीत घातली. वाकलेला भाग पायरीच्या कोपऱ्यात आपसूक बसला. कागद सरळ झाला. म्हणजे दरवर्षी तो पाण्याला गेला की ती हेच करत असणार.

किटली उकळत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने ती उतरवली.

संध्याकाळी एलेरीचा फोन आला. "काय बाबा, वारा येतो का आत?"

"आता नाही."

"आता म्हणजे?"

"म्हणजे नाही. जेव जा तू."

फोन ठेवतो तोच ह्यू दारात. मागे त्याची बायको मारेड, अंगावर गोधडी घेतलेली.

"मिस्टर प्रिचर्ड, जरा येऊन सांगा हिला. मी सगळं ताणून बसवलंय, तरी हिला वारा लागतोय म्हणे."

"म्हणे नाही," मारेड म्हणाली. "लागतोय."

"मला तर नाही लागत."

एम्लिन त्यांच्याबरोबर गेला. खुंट्या चांगल्या मारल्या होत्या, कापडाला सुरकुती नव्हती. दोन खुर्च्या होत्या, एक खिडकीशी, एक पायरीशी.

"तू कुठे बसतोस?" त्याने विचारलं.

ह्यूने खिडकीकडे बोट दाखवलं.

"आज तिच्या खुर्चीत बस. बूट-मोजे काढ."

"बूट कशाला?"

"काढ म्हणतो ना."

ह्यू बसला, बुटाची नाडी सोडू लागला. एम्लिनने दाराशी ठेवलेलं त्यांचं पिंप हलवून पाहिलं. अर्ध्याच्या वर भरलेलं होतं.

"पाणी मी आणतो," तो म्हणाला, आणि पिंप ढकलत बाहेर पडला.

नळावर कुणीच नव्हतं. तरी तो सावकाश चालला.