चटईवरून उठवलेल्या बायका

मित्रांनो, माझ्या कडा उसवल्या आहेत, मधोमध भोक पडलं आहे आणि सध्या माझ्या अंगावर मक्याची कणसं वाळत पडली आहेत. मी चटई आहे. रागावलेली चटई म्हणालात तरी चालेल.

आफ्रिकेतल्या मलावी देशात शिरे नदीच्या काठी जो बोरू वाढतो, त्यातून माझा जन्म झाला. एका म्हाताऱ्याने बोरू फोडून कामट्या काढल्या, वाळवल्या आणि मला विणलं. नासिबेको नावाच्या बाईने मला घेतलं आणि गावच्या सभेला नेलं. आमच्या सभेत पुरुष खुर्च्यांवर बसतात आणि बायका खाली चटईवर. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्यावर बसून बायका बोलायच्या. पाय पसरून, पोराला पाजत, पुरुषांकडे अर्धी पाठ करून चांगलं ठणकावून बोलायच्या. नासिबेको सगळ्यांत थोरली. तिने तोंड उघडल्याशिवाय दुसरी कुणी बोलत नसे, आणि तिने उघडलं की कुणी थांबत नसे. गावप्रमुख कापिरी तिचा भाचा. त्यालाही ती सोडत नसे. "उंच बसलायस ना कापिरी, मग नदीतल्या मगरी दिसतात का बघ जरा," असं भर सभेत म्हणायची. खालच्या वस्तीतल्या बायका पाणी नदीवरूनच भरतात, म्हणून हा टोमणा.

मग गावाला हापसा मंजूर झाला. तो कुठे बसवायचा हे गावाने ठरवायचं होतं. खालच्या वस्तीत बसला तर नदी सुटणार होती. वर गिरणीपाशी बसला तर तो चढ रोज कोण चढणार? नदीच जवळ पडणार.

त्याच सुमाराला नासिबेकोची मुलगी झिओने जिल्ह्याच्या गावी शिबिराला गेली आणि गावसभा घेणारी प्रेरिका होऊन आली. गावाचा कारभार गावाने करायचा, कुणी वर नाही, कुणी खाली नाही, सगळ्यांनी गोलात बसायचं, हे ती शिकून आली होती. मनापासून शिकली होती, म्हणून तर जास्त चीड येते. सभेच्या दिवशी तिने मला गुंडाळून झाडाला टेकवलं आणि चर्चमधले बाक आणून गोल मांडला. शिबिरात शिकवणाऱ्या गोंड्वेबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्यांनी फोटो काढले.

मी झाडापाशी उभी राहून बघत होते. नासिबेकोच्या बरोबर समोर कोण बसला? लायसन. झिओनेचा नवरा, म्हणजे तिचा जावई. आमच्याकडे सासू जावयाच्या तोंडाकडे बघत नाही. तो वाटेत दिसला तर ती गवतात शिरते. आणि आमच्याकडे जावई सासुरवाडीलाच राहायला येतात, त्यामुळे त्या गोलात निम्म्या बायकांच्या समोर कुणाचा ना कुणाचा जावई होताच. झिओनेला हे लहानपणापासून ठाऊक. पण शिबिरात गोल शिकवला होता, तिने गोल मांडला.

नासिबेकोने अंगाभोवती गुंडाळलेल्या चितेंजे कापडाचा पदर तोंडावर ओढला. लायसन आपल्या चपला बघत राहिला. झिओनेने बायकांना पुन्हा पुन्हा विचारलं. थोरली गप्प, म्हणून सगळ्या गप्प. पुरुष म्हणाले, गिरणीपाशी. कुणी नाही म्हणालं नाही. गोंड्वेबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि याला एकमत म्हणतात असं सांगितलं.

घरी आल्यावर झिओने आईवर तुटून पडली. "रोज मगरींच्या नावाने बोंब मारतेस, आणि आज तोंडाला कुलूप?"

"कुणाच्या तोंडाकडे बघून बोलू? तुझ्या नवऱ्याच्या?"

"मग बसायच्या आधी सांगायचं होतंस, आई."

"विचारलंस कधी? आलीस आणि चटई गुंडाळलीस."

झिओने न जेवता कापिरीकडे गेली. सभा परत घ्या म्हणाली. तो हसला. सभा तुझी, गोल तुझा, आता रडतेस कशाला, असं म्हणाला. गोंड्वेबाईंनी फोनवर सांगितलं की निर्णय योग्य पद्धतीने झाला आहे, तो आता बदलता येत नाही. पद्धत म्हणे योग्य!

हापसा गिरणीपाशी बसला. पाणी गोड आहे. पुढच्या पावसाळ्यात नदीवर पाणी भरताना खालच्या वस्तीतल्या लुकियाचा हात मगरीने नेला. त्यावर मात्र सभा झाली नाही.

झिओने आता कुठलीही सभा घेण्याआधी घरोघर जाते आणि प्रत्येकीला विचारते, कुठे बसलीस तर तुला बोलता येईल? काही जणी भिंतीआडून बोलतात, काही पुरुषांच्या पाठीमागून. हे तिने शिबिरात जाऊन सांगितलं. तिथे माना डोलावल्या, आणि पुढच्या तुकडीलाही गोलच शिकवला.

मित्रांनो, चटया जपा असं मी सांगणार नाही. मला वाळवी खाणारच आहे. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, सभा घ्याल, दुसऱ्याचं भलं करायला निघाल. तेव्हा कुणाला उठवून वर बसवण्याआधी त्याला विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा. झिओने आज पहाटेही आईबरोबर नदीवर गेली. म्हातारी घडा बुडवते तेव्हा ती काठीने पाणी बडवत शेजारी उभी असते.