किटलीची नोंद

"काका, आत्ता तुम्ही काय केलंत?"

मॅडमनी खुर्चीतून न उठता विचारलं. सहाय्यकाच्या हातात रिकामा कप होता. या प्रश्नाला एकतीस वर्षं तो जे उत्तर देत आला होता, तेच त्याने दिलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? चिप चुकली!"

चिप चुकली यात एवढं हरखण्यासारखं काय, हे त्याला कळेना. नखाएवढी चिप ती. इन्सुलिनच्या नव्या पंपात बसायची होती. रिमोटचा हुकूम पंपाला गुप्त भाषेत पोचावा आणि बॅटरीही फार खाऊ नये, म्हणून तिला अगदी हलकं कुलूप घातलेलं. ते फुटतं का पाहणं हे मॅडमचं काम. तीन आठवडे त्या एका महागड्या यंत्राने चिपला विजेचे झटके देत होत्या. चिप एक तर बरोबर उत्तर द्यायची, नाही तर मरायची. आज ती जिवंत राहून चुकली, कारण कपाटामागे यंत्राच्याच बोर्डावर सहाय्यकाची किटली लागली होती. ती लागली की ट्यूबलाइटसुद्धा डोळा मारायची.

प्रयोगशाळेत किटलीला बंदी होती. बंदीची पाटी त्यानेच ठोकली होती.

"पुन्हा लावा," मॅडम म्हणाल्या.

चार वाजेपर्यंत त्याने एकोणीस वेळा पाणी उकळलं. चहा एकदाही झाला नाही.

"मिळाली! कुलपाची चावी मिळाली!"

"पण उत्तर चुकलं होतं ना?"

"म्हणून तर! बरोबर आणि चुकलेलं उत्तर शेजारी ठेवायचं. त्यांच्यातला फरकच चावी सांगतो."

त्याने मान डोलावली. न कळलेल्या गोष्टींसाठी त्याच्याकडे एक खास डोलावणी होती.

मोठे साहेब मात्र डोलले नाहीत. "किटली मान्य उपकरणांच्या यादीत नाही. यादीत नसलेल्या वस्तूने चिप फुटत नाही."

"फुटली, सर," मॅडम म्हणाल्या.

"कागदावर नाही. कागदावर आणायची तर यांनी लिहून द्यावं, मी बंदी मोडली म्हणून. मग मेमो द्यावा लागेल." ते सहाय्यकाकडे वळले. "निवृत्तीला चार महिने राहिलेत ना तुमच्या? उद्यापर्यंत बघा. नाही तर चिप पास."

घरी बायकोने विचारलं, "ऑफिसात काय झालं?"

"काही नाही."

मग तो तिच्या कंबरेच्या पंपात इन्सुलिनची नळी बसवायला लागला. हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून श्वास रोखून. नेमकं तेव्हा तिने पुन्हा विचारलं, "अहो, ऑफिसात काय झालं?"

"मेमो नाही दिला अजून."

"अजून?"

झाकण लागेपर्यंत अख्खी किटली बाहेर आली होती.

"हे तुला जमतं कसं गं?"

"तीस वर्षं जमतंय. हात गुंतले की तुम्ही चुकता."

मॅडम दुपारभर काय सांगत होत्या ते त्याला एकदम उमगलं. मग एवढं महागडं यंत्र कशाला आणलं, ते मात्र उमगेना.

"ती चावी कुणाच्या हाती लागली तर?" बायकोने विचारलं.

"लांबूनच पंपाला हुकूम देईल. किती इन्सुलिन सोडायचं याचा."

"म्हणजे तुमच्याशिवाय आणखी कुणी मला हुकूम सोडणार." ती हसली. मग पंपावरून हात फिरवत म्हणाली, "हा जुना झाला. नवा पुढच्या महिन्यात मिळणारे ना?"

या वेळी हात मोकळे होते, म्हणून त्याने लागलेलं झाकणच पुन्हा दाबून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीत 'वापरलेली उपकरणे' या रकान्यात त्याने लिहिलं : विद्युत किटली, एक. सहाय्यकाची, स्वतःची. परवानगी नव्हती. खाली पूर्ण सही.

चिप नापास झाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मेमो आला. किटली पुरावा म्हणून जमा झाली. तिला नंबर मिळाला आणि महागड्या यंत्राशेजारी फळीवर जागा. 'हात लावू नये' ही चिठ्ठी चिकटवायचं काम अर्थातच सहाय्यकाचं. त्याने चिठ्ठी फूटपट्टी धरून, अगदी सरळ चिकटवली.

चार वाजता त्याने कप नळाखाली धरला आणि तो गार पाणी उभ्याउभ्याच, फुंकर घालून प्यायला.