डाव्या दाराची चार वर्तुळं

निवेदकाच्या हातातलं कार्ड, सकाळी साडेसात:

"…आणि सर्वांत पुढे लष्कराची चार स्ट्रेचरांची अँब्युलन्स. तिच्यासारखी दुसरी नव्हे, हीच ती. तिचे युद्धाच्या वेळचे ड्रायव्हर आज तिच्यात बसले आहेत."

शेवटचं वाक्य अजून खरं झालं नव्हतं. ड्रायव्हरकाका गाडीत नव्हते. मैदानाच्या कडेला डाव्या दारासमोर उभे राहून ते दाराकडे पाहत होते. भलत्याच घराची बेल वाजवल्यावर माणूस पाहतो तसे.

"ही ती नाही," ते म्हणाले.

गाडीचा मालक धंद्यानं डेंटर. चेपलेले पत्रे ठोकून सरळ करण्यात हयात गेलेली. गॅरेजवाले त्याला सपाटराव म्हणत, आणि उगीच म्हणत नव्हते. खड्डा दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. घरच्या कुकरचं झाकण त्यानं एकदा इतकं मन लावून ठोकलं, की ते पुन्हा कधी बसलंच नाही. बायको ते अजून पाहुण्यांना दाखवते.

अँब्युलन्स त्याला भंगारात मिळाली. आधी तिनं माणसं वाहिली होती, मग पाव, मग कोंबड्या. ती उभी करायला नऊ वर्षं गेली. चॅसीच्या नंबरावरून त्यानं जुनी दप्तरं धुंडाळली, ड्रायव्हरचा पत्ता काढला, पत्र टाकलं. उत्तर एका शब्दाचं आलं: येतो.

जुन्या लष्करी गाड्यांच्या संचलनाच्या मंडळाचा नियम साधा होता. ज्या गाडीची ओळख पटवणारा माणूस हजर, ती पुढे. बाकीच्या 'त्या काळातल्या', त्या मागे. सपाटरावचा जीव पुढच्या जागेत अडकला नव्हता. नऊ वर्षं आपण नक्की कोणती गाडी दुरुस्त केली, एवढंच त्याला ऐकायचं होतं. आणि ते सांगू शकणारा माणूस जगात हा एकच उरला होता.

"काका, चॅसीचा नंबर जुळतोय की."

"चॅसी कोणी पाहिलीय? मी दार पाहिलंय. या दाराला तीन भोकं होती."

"कसली?"

"उंदरांनी पाडलेली! अरे, गोळ्यांची. दोन वाया गेल्या. एक नाही गेली. कंपाउंडर बसायचा इथं."

सपाटरावनं दारावरून तळवा फिरवला.

भोकं होती.

भोकं पुष्कळ होती. गंजाची, खिळ्यांची, कोंबड्यांचे पिंजरे अडकवायच्या हुकांची. तू कोणाचं, असं त्यानं एकालाही विचारलं नव्हतं. कडा ठोकून सपाट केल्या, वेल्डिंगनं भरलं, ग्राइंडर फिरवला, पुट्टी, वर रंगाचे सहा हात. जिथं कोणी बघत नाही त्या आतल्या बाजूनंही तसंच. गेल्या वर्षी एका परीक्षकानं या दारावर गाल टेकवून, एक डोळा मिटून पाहिलं होतं आणि म्हणाला होता, आरसा आहे आरसा. सपाटराव तेव्हा आठवडाभर हवेत होता.

"एवढंच ना?" शेजारच्या जीपवाल्यानं खिशातून पाकीट काढलं. "माझ्याकडे सहा शिल्लक आहेत. चिकटव तीन. लांबून कोणाच्या बापाला कळत नाही."

गोळीच्या भोकांचे स्टिकर. काळं भोक, भोवती उडालेल्या रंगाची चंदेरी कडा. जीपवाल्याच्या जीपला अकरा लावलेले होते. ती जीप सबंध युद्धभर कोठाराबाहेर आली नव्हती.

ड्रायव्हरकाकांनी एक स्टिकर हातात घेतला, उलटा केला, मागचा डिंक पाहिला आणि परत दिला.

सपाटराव हत्यारांच्या पेटीकडे गेला. पॉलिश पेपर काढला, अगदी खरखरीत, पहिल्या नंबरचा.

"अहो," बायको म्हणाली. "अहो! तासाभरात निघायचंय. हात आवरा."

"पाणी दे."

"दार खराब कराल."

"करतोय," तो म्हणाला. "पाणी दे."

कार्ड, सव्वाआठ. 'हीच ती' यावर निळ्या पेनाची रेघ. वर बारीक अक्षरात: 'बहुधा'. त्यावरही रेघ. निवेदक शाळामास्तर होते, 'बहुधा' त्यांना लाउडस्पीकरवरून वाचवेना.

हिरवा रंग गेला. तपकिरी अस्तर गेलं. पुट्टीचं पिवळं पीठ पाण्याबरोबर ओघळून पायरीवर साचलं. मग पत्रा. पत्र्यावर निळसर गोल डाग, रुपयाएवढा: वेल्डिंग. मग दुसरा. मग तिसरा, जरा खाली. सपाटरावनं कपाळ पुसलं आणि आणखी वीतभर घासलं. नसतं घासलं तर चाललं असतं.

चौथा निघाला.

"तीन होती," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"यातलं एक हुकाचं असणार."

"कुठलं?"

हे आता सपाटरावच्या हातात होतं. कोणत्याही एकावर बोट ठेवलं असतं तरी भागलं असतं. चारही वर्तुळं सारखीच गुळगुळीत होती, त्याच्याच हातची, आणि त्याला एकही ओळखता येत नव्हतं.

"नाही आठवत, काका. मी सगळी सारखीच भरली."

काकांनी मान हलवली. रागानं नव्हे. वळसा घालून ते पलीकडे गेले, दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर चढले. चढायला वेळ लागला, कोणी हात दिला नाही, कारण त्यांनी मागितला नाही.

"ये. कंपाउंडरच्या जागेवर बस."

सपाटराव बसला.

"असा नव्हे. दाराकडे वळून, वाकून. काडी पेटत नव्हती त्याची, वारा होता. हां. अजून खाली."

मग काका त्याच्या अंगावरून आडवे झाले आणि आतल्या गुळगुळीत हिरव्यावर बोट टेकवलं. "एक." हात सरकला. "दोन." मग सपाटरावच्या काखेखालून, बरगडीला घासून: "तीन." बाहेरची वर्तुळं त्यांना आतून दिसणं शक्यच नव्हतं.

सपाटरावनं खिशातला टोच्या काढला आणि बोट टेकलं तिथं तिथं रंगावर फुली ओरखडली. काच खाली केली, हात बाहेर टाकला. दाराच्या कडेपासून वीत आणि चार बोटं, बाहेरही तेवढंच. दुसरं, जुळलं. तिसरं काखेखालचं. तिथपर्यंत हात पुरेना, म्हणून बायकोनं बाहेरून वीत लावली.

"दोन वीत, वर एक बोट," ती म्हणाली.

मग तिनंच दार उघडून आतून मोजलं: दोन वीत, वर एक बोट.

"म्हणजे हुकाचं ते चौथं," काका म्हणाले. "बिजागरीजवळचं."

मास्तर धापा टाकत आले. "काय वाचू? ठरवा लवकर, पुढं शिट्टी झालीय."

सपाटराव काकांकडे पाहत राहिला.

"पहिलं लिहिलं होतं ते वाचा," काका म्हणाले. "आणि त्याचं नाव घाला." त्यांनी कंपाउंडरचं नाव सांगितलं. मास्तरांनी कार्ड गुडघ्यावर ठेवून लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून.

इंजिन काकांनीच सुरू केलं. क्लच जड होता, पण गाडी अडखळली नाही. दुतर्फा लोक होते. लोकांना एक चकचकीत अँब्युलन्स दिसली आणि तिच्या एका दाराची सालपटं निघालेली. काही जण हसले. कोणीतरी म्हणालं, रंगाचं काम अर्धवट राहिलंय वाटतं.

सपाटराव अजून वाकलेलाच होता. तिसरी फुली त्याच्या बरगडीपाशी होती आणि तिला धक्का लागू नये म्हणून तो अंग चोरून बसला होता.

"सरळ बस आता," काका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "लोक बघतायत."