हिंमतबाईंची होडी

इमारतीत कुणाचं काही वाईट झालं, की ते त्याच्या घरच्यांच्याही आधी हिंमतबाईंना कळायचं. मग सकाळी त्याच्या दारावर लाल कागदाचं कातरकाम झळकायचं. आजारी माणसाला होडी, नोकरी गेलेल्याला पक्षी, संसार मोडलेल्याला झाड. झाडच का, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर अर्धा तास उत्तर ऐकावं लागलं असतं. हेतू शुद्ध आणि गोंद त्याहून पक्का. दाराचा रंग निघेल, पण धीर काही निघायचा नाही.

बाईंचा हात मात्र खरंच सुरेख होता, हे वैऱ्यानेही कबूल केलं असतं. कागदाची दुहेरी घडी घालायची, घडीच्या बाजूला डोलकाठी धरून अर्धीच होडी कातरायची आणि कागद उलगडला की अख्खी होडी, लाटांसकट. फक्त त्या होडीबरोबर बातमीही उलगडायची, एवढंच त्यांच्या ध्यानात येत नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या हिशेबनीसाने नोकरी गेल्याचं बायकोला सांगितलंच नव्हतं. ते काम पक्ष्याने केलं. त्या दिवशी त्यांच्या घरातून जे आवाज आले, ते काही उभारी आल्याचे नव्हते.

धाकटी ही हिंमतबाईंची जाऊ, समोरच्याच दारात राहणारी, चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी. तिच्या छातीत गाठ लागली, सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टची भीती होतीच, पण तिच्या खालोखाल भीती होती ती होडीची. तिची पोर परीक्षेला बसली होती. आईच्या दुखण्याची बातमी त्या पोरीला दारावरून कळावी? छे! पोरीला सांगायचं तर तिने स्वतः सांगायचं, जवळ बसवून. एवढी एकच गोष्ट तिला आपल्या हातात ठेवायची होती.

म्हणून तिने नवऱ्याला दटावून कामावर धाडलं, कारण त्याचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक. जाऊबाईंना सांगितलं, दुकानात मालाची मोजणी आहे. आणि हॉस्पिटलही निवडलं ते शहराच्या दुसऱ्या टोकाचं. एवढी सगळी अक्कल चालवून ती तिथल्या बाकावर टेकली, मान वर केली आणि कपाळावर हात मारून घेतला.

समोरची अख्खी भिंत होड्यांनी भरली होती. बंदरातसुद्धा एवढ्या नसतील.

‘म्हणजे बाईंनी गावभर शाखा काढल्यात,’ असं ती मनाशी म्हणते न म्हणते तोच जिन्यातून हिंमतबाई अवतरल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत कात्री, चेहऱ्यावर दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेलं ते हसू.

"अगं बाई, तू इथे? कुणाला बघायला आलीस?"

थाप मारता आली असती. पण इतके दिवस थापा मारून धाकटी दमली होती.

"स्वतःलाच," ती म्हणाली. "गाठ आहे. रिपोर्ट घ्यायला आलेय."

आता भाषण सुरू होणार म्हणून तिने दात आवळले. भाषण आलं नाही. जाऊबाई मट्‌कन शेजारी बसल्या. हसू कुठे गेलं कोण जाणे. काही सुचेना तेव्हा त्यांनी पिशवीतून लाल कागद काढला, घडी घातली आणि कात्री चालवायला घेतली.

"ताई, आत्ता नको हो," धाकटी म्हणाली.

कात्री थांबली नाही. शेवटी जाऊबाईंनी कागद उलगडायला घेतला, तर मांडीवर दोन तुकडे पडले. इकडे अर्धी होडी, तिकडे अर्धी होडी. घडीची बाजू सोडून त्यांनी डोलकाठी उघड्या बाजूला धरली होती. बाई सुट्टीत कातरकामाचा वर्ग घेत, तिथे पोरंटोरं पहिल्या दिवशी ही चूक करायची आणि बाईंचा ओरडा खायची.

धाकटीला हसू आवरेना. "ताई, बुडवलीत की मला!"

"हसतेस काय मेले? हात बघ माझे." हात लटलट कापत होते.

"एवढ्या भिंतभर होड्या केल्यात, तेव्हा नाही कापले?"

"ते लोक होते गं," जाऊबाई म्हणाल्या. "तू घरातली आहेस. मला काही सुचत नाहीये. मला भीती वाटतेय."

वा! लोकांना हिंमत आणि घरच्यांना कापरे हात, छान वाटणी होती. पण खरं सांगायचं तर धाकटीला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं. नवरा धीर देत होता, मैत्रीण धीर देत होती. तिच्यासारखं घाबरायला मात्र कुणी तयार नव्हतं. आता शेजारी एक माणूस तिच्याइतकंच घाबरून बसलं होतं.

"एक ऐकाल? दाराला काही लावू नका. पोरीला मी सांगणार आहे."

"मी लावते ते आवडत नाही का लोकांना?"

"होडी लागली की लिफ्टमध्ये लोक श्वास रोखून उभे राहतात, ताई. मेलेल्या माणसाजवळ उभं राहिल्यासारखे."

जाऊबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "मग कुणी बोललं कसं नाही मला?"

"तुम्ही बोलू द्याल तर ना!"

तेवढ्यात आतून हाक आली. धाकटी उठली, आणि न सांगता जाऊबाईही उठल्या. कात्री बाकावरच राहिली.

सुई घालणारे डॉक्टर वेगळे होते. रिपोर्ट सांगणारी ही डॉक्टरीण नवीन. तिने कागदातून डोकं वर न काढता सांगायला सुरुवात केली. गाठ चांगली नाही. पण लवकर सापडली आहे. ऑपरेशन करावं लागेल, पुढे औषधं.

धाकटीला रडू आलं नाही, कारण ते खातं जाऊबाईंनी आधीच सांभाळलं होतं. इमारतभर हिंमत वाटणाऱ्या बाई पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडत होत्या.

डॉक्टरीण लगबगीने उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि जाऊबाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "घाबरू नका. वेळेत आला आहात. तुमच्यासारख्या कितीतरी बायका इथून बऱ्या होऊन गेल्यात. तुम्हीही व्हाल."

"डॉक्टर, पेशंट मी आहे," धाकटी म्हणाली. "पण थांबू नका. सांगा त्यांना."

तिने जाऊबाईंचा हात घट्ट धरला, आणि डॉक्टरीण त्यांना जे जे सांगत गेली, ते ते सगळं स्वतःसाठी ऐकून घेतलं.