फळ्याचा न पुसलेला कोपरा

"तुम्ही इथे किती दिवस टिकणार?"

सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. मग मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. प्रश्न विचारणारी केया ताठ उभी होती, पण तिचे कान लालबुंद झाले होते. शेजारी तिची मैत्रीण दिया स्कार्फमध्ये तोंड खुपसून खिदळत होती. पैज तिनेच लावली होती ना! "सगळ्यांसमोर नव्या कोचना हे विचारून दाखव, मग मानलं तुला." गेल्या वर्षापर्यंत केया वर्गात स्वतःचं नाव सांगतानासुद्धा पुटपुटायची. यंदा काय झालंय कोण जाणे, पैज म्हटली की पोरगी उभीच!

प्रश्न ज्यांना विचारला ते हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रुनर हे जर्मनीतल्या एर्लांगेनच्या 'रेग्नित्स बीबर' या आइस हॉकी संघाचे नवे मुख्य प्रशिक्षक. चाहत्यांशी ओळख करून घ्यायला आले होते. ते चिडले नाहीत. मागे वळले आणि त्यांनी टिचकी मारली, ती थेट माझ्या पोटावर.

"मला काय विचारतेस? याला विचार. माझ्याआधीचे सगळे यानंच पाहिलेत."

मित्रांनो, आजवर सगळ्यांनी माझ्यावर लिहिलं, पण मला कुणी काही विचारलं नव्हतं. आता विचारलंच आहे, तर सांगतो.

मी एक जुना फळा आहे. डावपेचांचा फळा. लोखंडी पत्र्यावर पांढरा मुलामा चढवून मला बनवलं आणि त्यावर बर्फाच्या मैदानाच्या लाल-निळ्या रेघा पक्क्या भाजून काढल्या. खेळाडू म्हणून चिकटवायला गोल चुंबकं दिली. मग मला खेळाडूंच्या खोलीत खिळ्यावर टांगलं. तिथला वास विचारू नका. घामट हातमोजे, ओले बूट आणि कुणाच्या तरी पिशवीत विसरलेलं केळं!

मला मराठी कसं येतं, असं तुम्ही म्हणाल. अहो, केयाची आई इतकी वर्षं काचेपलीकडून "अगं सावकाश! अगं पडशील!" असं ओरडत आली आहे. तेवढ्यात माझी बाराखडी झाली.

तर, प्रशिक्षक. पहिले होते ते माझ्यावर इतक्या हळुवार हातानं बाण काढायचे की जणू रांगोळीच घालताहेत. संघ हरत गेला आणि ते गेले. दुसरे आले ते तापट. मी खालच्या कोपऱ्यात चेपलेला दिसतो ना, ती त्यांच्या काठीची खूण. ते जिंकले, तेव्हा त्यांनी माझा मुकाही घेतला होता. पुढच्या हिवाळ्यात तेही गेले. मग आणखी आले, आणखी गेले. बड्या संघांत ही खांदेपालट चालायचीच. आलेला प्रत्येक जण पहिलं काम एकच करायचा, फडकं घ्यायचा आणि मला पुसून स्वच्छ करायचा. मला वाटायचं, आपण म्हणजे कायमची कोरी पाटी. आपल्याला आठवण कसली ती नाहीच.

पण या सगळ्यात एक माणूस टिकला. मीरेक. दुय्यम प्रशिक्षक, मूळचा चेक, मिशा अशा की त्यावर बर्फ साठावा. मुख्य प्रशिक्षक रागानं निघून गेले की घाबरलेल्या पोरांना माझ्यासमोर बसवून तो म्हणायचा, "आल्झो, चला, पुन्हा पहिल्यापासून." मुलींचा गटही त्यानेच सुरू केला. दर गुरुवारी तो मला खिळ्यावरून काढायचा, काखोटीला मारायचा आणि बर्फाच्या कडेला नेऊन टेकवायचा. गुडघे लटपटणारी, नाक ओढणारी इवलीशी केया मी तिथेच पहिल्यांदा पाहिली.

आणि मग तो दसरा आला.

तेव्हा ती तिसरीत होती. घरी आईनं पाटीपूजन केलं होतं, एकाला एक असे १ चे आकडे जोडून सरस्वती काढायला शिकवलं होतं. वर सांगितलं होतं, "आज आपापल्या पाटीची पूजा करायची बरं का." केयाला ते पटलं. पण तिची पाटी कुठली? शाळेत तर टॅबलेट! मग संध्याकाळी सरावाआधी ती हळूच माझ्याकडे आली आणि वरच्या कोपऱ्यात तिनं देवनागरी एकांची सरस्वती काढली. जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. फक्त पेन उचललं ते न पुसलं जाणारं!

मागोमाग मोठे खेळाडू आत आले. कप्तानानं डोळे बारीक केले. "हा कुठला नवा डाव? सगळीकडे नऊच नऊ?"

मित्रांनो, आपला एक त्यांना नऊसारखा दिसतो! आणि नऊ नंबरचा सदरा घालणारा त्यांचा आघाडीचा खेळाडू इतका फुशारकीखोर की काय सांगू. तो छाती काढून म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! मी केव्हाचा सांगतोय. सगळ्या जागी मीच हवा."

"मग गोल कोण अडवणार, तुझी आजी?" कप्तान म्हणाला. खोलीत हशा पिकला.

केयाला रडू फुटलं. "नऊ नाहीत ते. एक आहेत. आमचा एक असाच असतो. सगळे एक मिळून ती होते."

"ती कोण?" मीरेकनं विचारलं.

"सरस्वती. शिकवणारी देवी."

मीरेकनं स्पिरिट आणलं, घासघास घासलं. पण माझा मुलामा तोवर झिजला होता, शाई आत मुरली होती. काळ्याची करडी झाली, इतकंच. तेव्हा त्यानं फडकं खाली ठेवलं. "एकटा नऊ नाही, सगळे एक," तो स्वतःशीच म्हणाला. "जा. राहू दे."

तेव्हापासून नवा प्रशिक्षक आला आणि त्यानं फडकं उचललं, की मीरेक म्हणायचा, "तो कोपरा सोडून." आणि ते सोडायचे. आता मी कोरी पाटी राहिलो नव्हतो. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच ओळखा.

गेल्या हिवाळ्यात संघ सारखा हरला. मुख्य प्रशिक्षकांना काढलं. हेर ब्रुनर आले ते आपली माणसं घेऊन, आणि या वेळी मीरेकचाही करार पुढे वाढला नाही. त्यानं लॉकर रिकामा केला, माझ्या त्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि गेला. माझ्या जागी भिंतीवर मोठा चमकता पडदा लागला. त्या चाहत्यांच्या कार्यक्रमाला मी होतो, तो केवळ सभागृहातल्या पडद्याची वायर सापडेना म्हणून!

आता तुम्हाला कळलं असेल, केयाचा प्रश्न नुसता पैजेचा नव्हता. कार्यक्रम संपल्यावर ती मागे थांबली.

"मीरेक सगळ्यांच्या वेळी टिकले होते. तुम्ही का काढलंत त्यांना?"

दिया तिची बाही ओढत होती. "केया, बास, पैज जिंकलीस तू!"

हेर ब्रुनर खुर्ची उलटी करून बसले. "माझे दोन सहायक माझ्याबरोबर कुठेही येतात. त्यांना जागा द्यायची तर कुणाची तरी जागा जाते. मलाही असंच काढलंय, एकदा तर वाढदिवसाच्या दिवशी."

"आणि गुरुवारचा मुलींचा गट?"

"बंद करावा असं मला वाटत नाही. पण त्याला माणूस लागतो. माझ्याकडे तो नाही." ते थांबले. "खरं सांगू? मी किती दिवस इथे असेन, मला माहीत नाही. त्या मुलींना असा कुणीतरी हवा, ज्याला आपण किती दिवस टिकणार ते माहीत आहे."

गुरुवार केयालाही अडचणीचाच होता. मोठ्या शहरातल्या मुलींच्या संघात तिची नुकतीच निवड झाली होती, आणि त्यांचा सरावही गुरुवारीच असायचा. तिनं फक्त माझ्याकडे बोट केलं. "हा फळा टाकून देणार आहात?"

"श्पेरम्युलमध्ये जाईल." म्हणजे रस्त्याकडेला ठेवायचं मोठं भंगार!

"मग मी नेऊ?"

अशी माझी वरात निघाली. सायकलच्या कॅरियरवर मी आडवा, पुढे केया, मागून मला धरून धापा टाकणारी दिया. "एका पैजेत एवढी हमाली! पुढच्या वेळी मी तुला काही म्हणजे काही विचारायला लावणार नाही," ती म्हणत होती.

घरात शिरताच केयाची आई अहिल्या उद्गारली, "अगं बाई, हे काय भंगार उचलून आणलंस? अहो, बघितलंत का?"

बाबा म्हणजे गौरांग चष्मा कपाळावर सरकवून आले. वाकून त्यांनी माझा कोपरा पाहिला. "अहिल्या, ही तुझी सरस्वती!" आईनं ओढणीच्या टोकानं माझी धूळ पुसली, पण तो कोपरा तिनंही सोडला.

मित्रांनो, नवा माणूस आला की फळा पुसायलाच हवा, नाहीतर तो लिहिणार कुठे? त्याचं मला दुःख नाही. पण फडकं हातात घेतलंत की आधी एकदा नीट बघा. आपल्याआधी कुणीतरी इथे जीभ बाहेर काढून, मन लावून काही काढलेलं असतं. एक कोपरा तेवढा सांभाळा. वस्तूंचाही आणि माणसांचाही.

मला भिंतीला टेकवून केया आईबाबांसमोर उभी राहिली. एरवी घरात जर्मनमध्ये उत्तरं देणारी ही मुलगी त्या दिवशी मराठीत बोलली.

"आई, बाबा, मी ठरवली आहे."

"ठरवलं आहे," बाबांनी सवयीनं दुरुस्त केलं.

"ठरवलं आहे. मी त्या संघात जाणार नाही. या वर्षी नाही. गुरुवारी छोट्या मुलींना मी शिकवणार. दियाची आई मोठं माणूस म्हणून कडेला थांबणार, मी वाटेत फोन केला. बर्फावर मी."

"अगं, पण एवढी निवड झाली..." आईचा आवाज खाली आला.

"ती पुन्हा होईल, आई. छोट्यांचा गट एकदा बंद झाला तर पुन्हा होणार नाही."

बाबा ओठांच्या कोपऱ्यात हसले. "ठीक. पण दिया सांगत होती, तूच त्या ब्रुनरना विचारलंस ना? आता मी विचारतो. तू किती दिवस टिकणार?"

केयानं माझ्या कोपऱ्यातल्या त्या करड्या एकांवर बोट ठेवलं.

"हे निघेपर्यंत," ती म्हणाली. "आणि हे निघत नाही, बाबा."