दुसरी पसंती

नझीर परकारची मुलगी अमेरिकेत गव्हर्नरच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा बहारीनमधल्या सलमाबादच्या गॅरेजमधल्या लोकांना त्याचं अभिनंदन करावं की त्याला धीर द्यावा, हेच कळेना. घरी बायकोचा, झोहराचा, पहिलाच प्रश्न होता, "राज्यपाल निवडून येतात होय? त्यांना तर दिल्लीहून पाठवतात ना?"

"तिकडे गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री," नझीर म्हणाला. त्यालाही हे आदल्याच दिवशी मुलीने, फिजाने, फोनवर सांगितलं होतं.

फिजा बहारीनमध्येच वाढली. अठराव्या वर्षी स्कॉलरशिप मिळवून अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या एका थंड राज्यात शिकायला गेली, पुलांची इंजिनिअर झाली, तिथलीच नागरिक झाली. आधी गावाच्या कौन्सिलवर, मग राज्याच्या विधानसभेत. आता एक्केचाळिसाव्या वर्षी हे. नझीर मात्र दापोलीहून आला तो सदतीस वर्षं गाड्यांचे एसीच दुरुस्त करत राहिला. त्याने जन्मात कधी मत दिलं नव्हतं. इथे तो परदेशी. गावी एकदा मुद्दाम रजा काढून मतदानाला गेला, तर यादीत नावापुढे 'स्थलांतरित' असा शिक्का. मतदान केंद्रावरच्या शिक्षकाने हात जोडले आणि पुढच्याला बोलावलं.

फिजाच्या राज्यातली मतदानाची तऱ्हा वेगळी होती. तिने कोऱ्या मतपत्रिकेचा फोटो पाठवला. उभी पाच नावं, आणि प्रत्येकापुढे पाच पोकळ गोळे.

"अब्बा, एकालाच मत द्यायचं नसतं," ती म्हणाली. "एक, दोन, तीन असे नंबर द्यायचे. कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर शेवटच्याला बाद करायचं आणि त्याच्या लोकांनी दुसरा नंबर ज्याला दिला, त्याला ती मतं जातात. मग पुन्हा मोजायचं."

फोन स्पीकरवर होता. गॅरेजमधला वली हे ऐकून म्हणाला, "म्हणजे आपल्या विधान परिषदेसारखं. पसंतीक्रम."

"पण मग तू लोकांना सांगतेस तरी काय?" नझीरने विचारलं.

"सांगते, पहिला तुमच्या माणसाला द्या, दुसरा मला. मी दुसऱ्या नंबरावरच जिंकू शकते, अब्बा. पहिल्या नंबरावर नाही."

झोहराला हे आवडलं नाही. आपल्या पोरीने दारोदार फिरून दुसरा नंबर मागायचा? पण नझीर तो फोटो रोज उघडून बघू लागला. जेवणाच्या सुट्टीत ऑइलच्या डब्यावर बसून तो कागदावर पाच नावं लिहायचा, वेगवेगळे नंबर घालायचा, एकेक नाव खोडायचा आणि फिजा कुठवर पोचते ते बघायचा. दोघांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्जही केला होता. मुलाखतीची तारीख मिळाली पुढच्या एप्रिलची. निवडणूक नोव्हेंबरात.

आणि त्या राज्यातलं एक मत बहारीनमध्ये होतं. डेनिसचं.

डेनिस जनाबियाला, परदेशी लोकांच्या बंगल्यांच्या एका कंपाउंडमध्ये राहायचा. कुठल्याशा कंपनीत सेफ्टीचं काम करायचा आणि सहा वर्षं आपली पांढरी जीप नझीरकडेच आणायचा. आपल्या गावी एप्रिलपर्यंत बर्फ असतं, हे त्याने दर उन्हाळ्यात सांगितलं होतं. फिजा उभी राहिली तेव्हापासून नझीर त्या जीपची वाट बघत होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जीप आली. डेनिस तासभर खुर्चीत बसून होता. नझीरने फिल्टर बदलला, गॅस तपासला, मनात इंग्रजी वाक्य दहादा जुळवलं. सर, माय डॉटर. त्यापुढे गाडी सरकेना. गिऱ्हाइकाकडे कसं मागायचं? आणि मागायचं तेही मत? डेनिसने चावी घेतली, "शुक्रन, नझीर," म्हणाला आणि गेला.

"एवढं बोलायला काय झालं होतं?" झोहरा संध्याकाळी कडाडली. "पोरगी तिकडे अनोळखी माणसांची दारं ठोठावते. तुमच्या ओळखीचा एकच माणूस, त्याला तोंड उघडून सांगता येत नाही?"

पुढचे चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी शुक्रवार होता. नझीरने डेनिसला फोन केला. कॉम्प्रेसरचा आवाज नीट वाटला नव्हता, येऊन पैसे न घेता बघतो, म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान तापले. जुम्म्याची नमाज आटोपून, नवा शर्ट घालून तो घरून, जिदहफ्सहून, टॅक्सीने जनाबियाला गेला.

डेनिसने त्याला आत घेतलं, चहा दिला. नझीरने जीपकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून फोन काढला आणि फिजाचा फोटो पुढे धरला.

"सर, ही माझी मुलगी."

डेनिस फोटो बघत राहिला. मग उठून उभाच राहिला. "फिजा परकार? ही तुझी मुलगी? अरे, मी तिचं भाषण ऐकलंय. हुशार आहे. फार हुशार आहे!" त्याने नझीरचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. मग त्याचा चेहरा उतरला. "मी गॅरेजात आलो तेव्हाच का नाही सांगितलंस?"

नझीरने फोन खिशात ठेवला.

डेनिसने टेबलाकडे बोट केलं. तिथे एक लांबट पाकीट पडलं होतं. चिकटवलेलं, मागे सही केलेलं. "काल भरलं. उद्या कुरिअरने जाणार."

"सर, पहिला नंबर तुमच्या माणसाला द्या," नझीर घाईने म्हणाला. हे वाक्य त्याला तोंडपाठ होतं. "दुसरा फक्त फिजाला."

"मी एकच गोळा भरलाय. हार्लनला. त्याच्या वडिलांना मी ओळखायचो. दुसरा कुणालाच दिला नाही." डेनिस जरा ओशाळला. "दुसरा नंबर दिला की आपल्याच माणसाचा जोर कमी होतो, असं आमच्याकडे म्हणतात."

"नाही होत, सर." नझीरने कागद मागितला. पाच नावं लिहिली, नंबर घातले, हार्लनचं नाव खोडून बाण काढला. जेवणाच्या सुट्टीत शंभरदा केलेलं ते गणित त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. "तुमचा माणूस आहे तोवर दुसऱ्या नंबराला कुणी हात लावत नाही. तो बाद झाला तरच बघतात. नाहीतर तुमचं मत तिथेच खलास."

डेनिसने मान डोलावली. त्याला पटलं होतं की तो नुसता सभ्यपणा करत होता, हे नझीरला कळलं नाही. "पण आता ते बंद केलंय," डेनिस म्हणाला. "सही झालीय."

दोघंही पाकिटाकडे बघत राहिले. फोडा, नवीन मागवा, निवडणुकीच्या कचेरीला फोन करून विचारा, असं म्हणायची हीच वेळ होती. पण पाकीट दुसऱ्याचं, सही दुसऱ्याची, देश दुसऱ्याचा. सदतीस वर्षांत नझीरने परक्या घरातल्या कुठल्याही गोष्टीला विचारल्याशिवाय हात लावला नव्हता.

"इंशाल्ला, सगळं चांगलं होईल," तो म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून उठला.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीचे आकडे आले. आघाडीवरच्या उमेदवाराला छत्तीस टक्के, फिजाला तेहेतीस, हार्लनला एकोणीस. उरलेल्या दोघांना किरकोळ. पुढच्या फेऱ्या परदेशातली टपाली मतं येऊन पडल्यावर, नऊ दिवसांनी. त्या नऊ दिवसांत झोहराने पाच रोजे धरले. नझीरच्या हातून एका गाडीत चुकीचा बेल्ट बसला.

दहाव्या दिवशी तिकडे सकाळ होती आणि इथे संध्याकाळची, मगरीबची अजान नुकतीच झाली होती. दोघं फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसले. पडद्यावर प्रत्येकाच्या मतांच्या आडव्या पट्ट्या होत्या. एक बाई माइकवर काहीतरी वाचून दाखवत होती. किरकोळ दोघं बाद झाले, फिजाची पट्टी सरकली. झोहराने नझीरचं मनगट घट्ट धरलं. मग हार्लन बाद झाला. फिजाची पट्टी भराभर वाढली, पहिल्याच्या पट्टीला अगदी भिडली, आणि थांबली.

"अजून येतील ना?" झोहराने विचारलं.

"नाही."

"मग हे खालचं काय? हा एवढा मोठा आकडा?"

तळाशी राखाडी पट्टी होती. सतरा हजार चारशे. शेजारी एक्झॉस्टेड असं लिहिलं होतं. नझीरला एक्झॉस्ट म्हणजे धूर बाहेर टाकणारी नळी एवढंच ठाऊक होतं, आणि त्याला अर्थ बरोबर लागला. "ज्यांनी दुसरा नंबर कुणालाच दिला नाही, ती मतं," तो म्हणाला. "ती बाहेर गेली."

फिजा दोन हजार तीनशे मतांनी हरली होती.

झोहराने उठून खिडकीचे पडदे सरकवले, पुन्हा येऊन बसली. नझीर राखाडी पट्टीकडे बघत होता. त्यातलं एक मत त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. एका मताने काही झालं नसतं, हे त्याला कळत होतं.

तासाभराने फोन वाजला. फिजाच होती. आवाज बसला होता.

"अब्बा, पाहिलंत?"

"पाहिलं, बेटा."

"सॉरी."

"तू कशाला सॉरी म्हणतेस? माझंच चुकलं." आणि मग त्याने तिला सगळं सांगून टाकलं. जीप, चहा, पाकीट, न बोललेलं वाक्य.

"अब्बा, त्या सतरा हजारांमधल्या कित्येकांच्या दारात मी स्वतः गेले होते," फिजा म्हणाली. "मी सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. लोक हसून हो म्हणाले, दार लावलं आणि एकच गोळा भरला. तुम्ही काय करणार होतात? मी काय करणार होते?"

नझीरला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, आणि मध्ये दहा हजार किलोमीटर होते.

"अम्मीला द्या," ती म्हणाली.

झोहराने फोन घेतला. निवडणुकीचा शब्दही काढला नाही. काही खाल्लंस का, विचारलं. खाल्लं नव्हतं. मग ती आज केलेल्या कोळंबीच्या खिचडीबद्दल सांगू लागली, कोळंबी कुठून आणली, कोकम गावचं कसं संपत आलंय. पलीकडे फिजा रडत होती. झोहराला ते ऐकू येत होतं, तरी ती सांगतच राहिली, कारण थांबली असती तर तीही रडली असती.

"आता खाली जायचंय," फिजा म्हणाली. "लोक थांबलेत. जिंकलेल्याचं अभिनंदन करायचंय, सगळ्यांसमोर."

"जा," झोहरा म्हणाली. "तोंड धुऊन जा."

फोन बंद झाला. थोड्या वेळाने फिजा पडद्यावर दिसली, निळा कोट घातलेली, हसत. ती इंग्रजीत भराभर बोलत होती, झोहराला त्यातलं फारसं समजत नव्हतं. "काय म्हणतेय?" तिने दोनदा विचारलं.

"सगळ्यांचे आभार मानतेय," नझीर म्हणाला.